ताटाआधीचं मागणं

[दृश्य: पहाट, किचन, एकच पिवळा बल्ब]

पहाटेचे पावणेपाच. नगर, डिसेंबर. कागदावर आता अहिल्यानगर झालंय पण इथं अजून सगळे नगरच म्हणतात, आणि थंडी तर नक्की नगरचीच, कारण कॅमेऱ्याच्या लेन्सवर दोनदा वाफ धरली ती तुम्हाला दिसतच असेल. परातीत पोळी लाटून झाली, वर तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा, मग दुसरी पोळी, मग तिसरी, गुंडाळी, आणि सुरीने कापलेल्या त्या लाट्या. आता बघा, लाटी दाबली की पदर कसे दिसतात. सारण सुक्या खोबऱ्याचं. कडेनं कातण फिरलं, की करंजी तयार.

हो, करंजीच. नाताळचा फराळ. बाहेरगावचे लोक विचारतात की तुमच्यात केक नाही का, केक असतोच हो, पण मराठी ख्रिस्ती घरात करंजी, चकली, शंकरपाळ्या नसतील तर तो नाताळ वाटतच नाही. नानकटाईचं पीठ मळून डब्यात घालून भट्टीवर नेतात, तिथली लाइन आम्ही शूट केलीये, पुढे येईल.

[दृश्य: आजींचे हात, क्लोजअप. मग वही.]

हे हात आजींचे. वय ७९. आणि तेल तापायला ठेवलंय त्याच्या शेजारी जी आहे ती दोनशे पानी वही, कव्हरवर पिठाची बोटं. आपली सगळी गोष्ट या वहीची आहे.

नगरला मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, जुनी. अमेरिकेतून आलेल्या धर्मप्रसारकांच्या अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ ला सुरू झालं, शाळा आल्या, मुलींच्या शाळा आल्या. कवी नारायण वामन टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ ला मुंबईत झाला, त्यांचाही बराच काळ या भागात गेला, आणि त्यांनी प्रभूची भक्ती अभंगात आणि कीर्तनात बसवली, त्यामुळे आजही पेटी, ढोलकी, झांज काढल्या की इथल्या माणसाला भजनात बसल्यासारखं वाटतं, परकं वाटत नाही. म्हणजे गाण्याची भाषा शेजाऱ्याच्या ओळखीची होती. फराळाची चव ओळखीची होती. प्रार्थना मात्र चर्चच्या भिंतीच्या आतच राहिली, असं आजींचं म्हणणं. आम्हालाही ते पटलं, लपवत नाही.

[दृश्य: जुने फोटो, स्टेज, बॅनर]

हे फोटो मंडळीच्याच अल्बममधले. स्टेज, प्रमुख पाहुणे, ब्लँकेट वाटप, बॅनर. ब्लँकेट घेणाऱ्याचा हात दिसतो, चेहरा बॅनरच्या मागे. वाईट काही नाही, थंडीत ब्लँकेट लागतंच. पण मंडळीतल्या तरुण संघाच्या एका मीटिंगमध्ये आजी उठून म्हणाल्या, आपण दरवर्षी नाताळला गल्लीत फराळाचं ताट देतो, त्या घरात कोण आजारी आहे हे आपल्याला माहीत आहे का? कोणी बोललं नाही. मग म्हणाल्या, मेंढपाळांचं नाताळ कार्ड छापता, बाळ येशूला बघायला आलेल्या मागी लोकांचं, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचं छापता, उंट पण छापता, हन्नाचं का नाही छापत?

बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे ती हन्ना. ८४ वर्षांची विधवा, मंदिर सोडून जायची नाही, उपास आणि प्रार्थना रात्रंदिवस. बाळ येशूला मंदिरात आणतात तेव्हा ती तिथंच असते. कार्डावर खरंच नसते ती, आम्ही एडिटिंगच्या वेळी शोधलं, एक सुद्धा मिळालं नाही.

[दृश्य: वहीची पानं, बोट फिरतंय]

तर पद्धत अशी ठरली. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार. पहिल्या रविवारी गल्लीचा नकाशा, घर नाही लिहायचं, खूण लिहायची. ‘निळं गेट’, ‘कुत्रा आहे, हळू’, ‘शिवणकामवाल्या ताई’. त्या आठवड्यात कुणाकडे जायचं नाही, फक्त संध्याकाळी त्या गल्लीतून चालायचं, दोघं दोघं, मनात प्रत्येक घर देवापुढं ठेवत. मोठ्यानं नाही, हात वर करून नाही, दुधाची पिशवी आणायला निघाल्यासारखं. हा शॉट बघा, हे दोघं प्रार्थना करतायत, ओळखू येतं का? नाही ना, तेच हवंय.

दुसऱ्या रविवारपासून ओळख काढायची. आणि मग ताट घेऊन जाताना एकच प्रश्न, जो आजींनी सगळ्यांकडून पाठ करून घेतला. ‘वहिनी, आम्ही रोज प्रार्थनेला बसतो, तुमच्यासाठी काही मागायचं का?’ मागणं हा शब्द मुद्दाम. प्रार्थना म्हटलं की समोरचा जरा सावध होतो, हल्ली जास्तच, आणि त्याचा राग मानायचा नाही. मागणं तर सगळेच करतात. नियम पाचच आहेत, पण कडक: दारातच उभं राहायचं, आत या म्हणाले तरच आत. डोक्यावर हात ठेवायचा नाही. पत्रकं नाहीत. चर्चला या असं ताटाबरोबर म्हणायचं नाही, आणि जे सांगितलं ते वहीत जाईल, ग्रुपवर जाणार नाही. शेवटच्या नियमावरून तरुण संघात बरीच वादावादी झाली, कारण मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे प्रार्थना-विनंत्यांचा धबधबा, पण आजी हटल्या नाहीत. दुसऱ्याचं दुखणं फॉरवर्ड करायचं नसतं, म्हणाल्या.

[दृश्य: संध्याकाळ, दारात ताट, वर क्रोशाचा रुमाल]

ऐका.

[मूळ आवाज: ‘काही मागायचं का तुमच्यासाठी?’ … शांतता … ‘ह्यांचं डायलिसिस आहे. आठवड्यातनं दोनदा.’]

इथं आम्ही काही बोलत नाही.

[दृश्य: आठ सेकंद, फक्त चेहरा]

वहीत पुढं काय काय आलं: मुलाची दहावी. सासूबाईंचे गुडघे. कोर्टाची तारीख. एक घर मुस्लिम, तिथल्या चाचींनी सौदीतल्या मुलाचं नाव सांगितलं आणि वर, मीपण तुमच्यासाठी दुआ करते, हेही लिहा म्हणाल्या, ते लिहिलंय. दोन घरांनी नको म्हटलं, त्यातल्या एकानं जरा जोरात, तिथं ताट देऊन नमस्कार करून परत. रविवारची हजेरी वाढली का तर नाही, तेवढीच आहे.

[दृश्य: २३ डिसेंबर, कॅरोल पार्टी, टेम्पोवर चांदणी]

आणि ही कॅरोल पार्टी, घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणारी. यंदा टेम्पोचा स्पीकर लहान, दहाच्या आत बंद. फरक एवढाच की गाणं झालं की पुढच्या घराकडे पळत नाहीत. ढोलकीवाला बघा, ढोलकी काखेत दाबून उभा आहे, कारण आजी निळ्या गेटपाशी थांबल्यात आणि दाराच्या आतून कुणीतरी काहीतरी सांगतंय. सात मिनिटं थांबले सगळे. पोरं थंडीनं नाचायला लागली. आम्ही कट केलं नाही.

[दृश्य: भट्टी, डबे, नानकटाई]

ही ती भट्टीची लाइन. हा डबा आजींचा, झाकणावर नेलपॉलिशनं खूण.

[दृश्य: २६ डिसेंबर, सकाळ, तेच किचन]

ट्रायपॉड आवरत होतो. चांदणी अजून खिडकीत. आजींना विचारलं, आता वही कपाटात का? त्यांनी चष्मा पुसला, पान उलटलं, आणि पेन्सिलीनं दहावीच्या पोरासमोर ‘मार्च’ लिहिलं. डायलिसिससमोर काहीच नाही लिहिलं, पान दुमडून ठेवलं. मग तेल गाळायला गाळणी शोधायला लागल्या.