डग्गा खरा ऐकू यावा म्हणून

[दृश्य: पुण्यातल्या एका जुन्या इमारतीचा जिना. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं. आत छोटा स्टुडिओ.]

१० फूट रुंद, १२ फूट लांब, साडेनऊ फूट उंच. बिल्डरच्या नकाशात ही बेडरूम होती. आता इथे अभंग रेकॉर्ड होतात, जाहिरातींचं डबिंग होतं, ऑडिओबुकांचं वाचन होतं. अशा खोल्या आज महाराष्ट्रात शहरोशहरी आहेत. एक चांगला माइक, माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि पाच इंची वूफरचे दोन मॉनिटर, म्हणजे स्टुडिओचे स्पीकर, एवढ्यावर काम सुरू होतं, आणि बऱ्याचदा मनापासून, फार चांगलं होतं. अडतं ते एका जागी. खुर्चीत बसलेल्याला जे ऐकू येतंय, तेच रेकॉर्डिंगमध्ये आहे का, याची त्याला खात्री नसते.

[दृश्य: डग्ग्यावर मनगट. पुडीवरून ते हळूच पुढे सरकतं.]

डग्ग्याचा ‘घे’ ऐका. बोट पडतं, मनगटाचा दाब पुढे सरकतो आणि स्वर खालून वर चढत जातो. हा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, अल्याडपल्याड फिरतो. वादकाने तो सलग काढलेला असतो. या खोलीत मात्र चढताना मध्येच एक स्वर फुगतो आणि पुढचा जवळजवळ नाहीसा होतो. मिक्स करणारा काय करतो? एकेका स्वराचा जोर कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरने फुगलेला स्वर कापतो, हरवलेला वाढवतो. मग ते गाणं गाडीत लागतं. जिथे कापलं तिथे डग्गा पोकळ वाजतो, जिथे वाढवलं तिथे धाडकन अंगावर येतो. तबलजी म्हणतो, “मी असं वाजवलंच नव्हतं.” त्याचं म्हणणं अगदी खरं असतं.

[दृश्य: खोलीचं रेखाचित्र. दोन भिंतींमध्ये एक लाट उभी राहते.]

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्ये ज्या स्वराची अर्धी लाट बरोबर मावते, त्या स्वराला खोली उचलून धरते. १२ फुटांच्या लांबीत तो स्वर येतो ४७ हर्ट्झला, १० फुटांच्या रुंदीत ५६ ला आणि साडेनऊ फुटांच्या उंचीत ५९ ला. यांच्या दुपटीही तशाच वागतात: ९४, ११२, ११८. म्हणजे डग्ग्याचं सगळं अंगणच या खोलीने व्यापलंय. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे त्यांचे स्वर एकमेकांना चिकटून आलेत, हे आणखी वाईट. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असलेली खोली तर या कामासाठी घेऊच नये.

आणि हे खोलीत सगळीकडे सारखं नसतं. लांबीच्या बरोबर मध्यावर खुर्ची ठेवली, तर ४७ हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही आणि ९४ मात्र सगळ्यात जोरात येतो. तीन फूट मागे सरका, चित्र पालटतं. डोकं मागच्या भिंतीला टेकवा, सगळाच खर्ज दणदणतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. इंटरनेटवरचा पुष्कळसा सल्ला अमेरिकेतल्या घरांमधून आलेला असतो. तिथल्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात. त्या भिंती खर्जाबरोबर थोड्या हलतात, काही खर्ज पिऊन टाकतात, काही बाहेर जाऊ देतात. आपल्याकडे विटांच्या भिंती, त्यावर प्लास्टर, वर काँक्रीटचा स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स. खर्जाला बाहेर पडायला वाट नाही. त्यामुळे तिकडच्या खोलीला पुरतो तेवढा उपाय आपल्या खोलीत हमखास कमी पडतो.

[दृश्य: टेप धरून दोघं लांबी मोजतात. टेबल उचलून फिरवलं जातं.]

सुरुवात फुकटातल्या कामाने करायची. स्पीकर आखूड भिंतीपाशी, तोंड लांबीच्या दिशेला. डावीकडे जेवढी जागा, उजवीकडेही तेवढीच. खुर्चीसाठी पहिली खूण समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे इथे साधारण साडेचार फुटांवर. हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, तिथून अर्धा फूट पुढेमागे सरकून पाहायचंच असतं. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. या खोलीत त्याची प्रत्येक बाजू चार फुटांच्या आसपास येते. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला.

स्पीकर समोरच्या भिंतीपासून किती दूर ठेवायचे, यावर हवं तेवढं ऐकायला मिळतं. हिशेब असा आहे. खर्ज स्पीकरच्या मागेही पसरतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि थेट आवाजाला गाठतो. स्पीकरच्या कोनापासून, म्हणजे पुढे हलणाऱ्या शंकूपासून, भिंतीचं अंतर ज्या स्वराच्या पाव लाटेएवढं असेल, तो स्वर खोडला जातो. अंतर ८५ सेंटिमीटर असेल तर खड्डा पडतो बरोबर १०० हर्ट्झला, ऐन डग्ग्यात. स्पीकर भिंतीच्या जवळ नेला आणि अंतर ३५ सेंटिमीटरवर आलं, की खड्डा २४५ हर्ट्झच्या आसपास सरकतो. तिथे आवाज शोषणारं चार इंच जाडीचं पॅनल त्याला आवरू शकतं. १०० हर्ट्झला तेच पॅनल जवळपास हतबल असतं. म्हणून छोट्या खोलीत स्पीकर भिंतीजवळ ठेवावेत आणि त्यामुळे वाढलेला खर्ज स्पीकरच्या मागच्या बटणाने उतरवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: एकजण खुर्चीत. दुसरा बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवतोय.]

“अजून मागे घे. अजून थोडा. थांब, थांब! दिसला.”

आरशात डावा स्पीकर दिसला ती जागा पेन्सिलने खुणवायची, मग उजवा दिसेल ती. स्पीकरचा आवाज भिंतीवरून उसळून कानात येतो तो याच ठिकाणांहून. टेबलावरूनही तो येतोच. उसळून आलेला आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त चालून आला, तर त्याला एक मिलिसेकंद उशीर होतो. तेवढ्याने ५००, १५००, २५०० हर्ट्झला खाचा पडत जातात. तानपुऱ्याची झणझणती जवारी सगळी याच वरच्या स्वनांमध्ये, म्हणजे मूळ स्वराच्या वर उमटणाऱ्या बारीक स्वरांमध्ये असते. जवारी मळकट वाटली, की लोक माइक बदलतात. आधी टेबलावरचा पसारा हलवून पाहावा आणि स्पीकर स्टँडवर घ्यावेत.

[दृश्य: गच्चीवर सुताराची लगबग. पाइनच्या पट्ट्या, रॉकवूलचे पिवळट हिरवे स्लॅब, कापडाचा तागा.]

आता पॅनल. अंड्याचे ट्रे विसरून जा, त्यांनी काहीही होत नाही. इंचभर जाडीचा फोम फक्त वरचे स्वर पितो. मग खोली मेल्यासारखी वाटते आणि खर्ज आहे तिथेच दणदणत राहतो. खरं काम करतं ते रॉकवूल, दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर: घनमीटरला ४८ किलो घनतेचे स्लॅब, दोन इंचांचे दोन एकावर एक ठेवून चार इंच. पाइनची चौकट आणि वरून मांजरपाट. कापड निवडायची कसोटी सोपी आहे. ओठांशी धरून फुंकायचं. श्वास आरपार गेला, तर आवाजही जाईल. रेक्झिन आडवं येतं.

रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच. त्याचे तंतू कातडीत घुसले की दिवसभर खाजतात. सुतारकाका पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलेत, ते त्यासाठीच.

आरशाने खुणवलेल्या जागी एकेक पॅनल लागतं, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून. मागच्या हवेच्या थरामुळे ते आणखी खालच्या स्वरांपर्यंत पोचतं. डोक्यावर छताला एक. आणि उरलेलं सगळं रॉकवूल कोपऱ्यांत, जमिनीपासून छतापर्यंत, जितकं जाड जमेल तितकं. खर्जाचा दाब कोपऱ्यांत सगळ्यात जास्त असतो. बजेट अपुरं असेल तर बाजूच्या भिंती थोड्या थांबतील. कोपरे थांबवू नका.

[दृश्य: खुर्चीच्या जागी स्टँडवर बारीक मेझरमेंट माइक. पंखा बंद. लॅपटॉपवर आलेख उमटतो.]

माप घेतल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माइक मात्र चारही बाजूंचं सारखं ऐकणारा, मोजणीसाठीचा घ्यावा. २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजतो आणि पडद्यावर खोलीचा आलेख येतो. पहिला आलेख पाहून धक्का बसतो. पॅनल न लावलेल्या खोलीत खर्जाकडे १५-२० डेसिबलचे खड्डे सर्रास सापडतात. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा आलेख, प्रत्येक स्वर विरायला किती वेळ लागतो ते दाखवणारा. ९४ हर्ट्झची शेपूट बाकीच्यांहून लांब दिसली, की घुमारा का चिकटत होता ते डोळ्यांनीच कळतं. प्रत्येक पॅनलनंतर पुन्हा माप. खुर्ची चार बोटं सरकली तरी पुन्हा माप.

खोलीचं माप पाहून स्पीकरचा आवाज आपोआप दुरुस्त करणारं रूम करेक्शनचं सॉफ्टवेअर येतं ते यानंतर. उंचवटे ते नीट उतरवतं. खड्डा मात्र त्याला भरता येत नाही. जो स्वर परतलेल्या लाटेने खोडला जातोय, तो वाढवला की खोडणारी लाटही तितकीच वाढते. बिचारा ॲम्प्लिफायर फुकट तापतो.

[दृश्य: हातात साउंड लेव्हल मीटर. व्हॉल्यूमच्या गोल बटणाजवळ टेपचा तुकडा चिकटवला जातो.]

आवाज किती मोठा ठेवायचा, हेही ठरवून घ्यावं लागतं. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे वक्ररेषांनी दाखवून दिलं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये उणे २० डेसिबल पातळीचा पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या सप्तकांत सारख्या जोराचा खरखराट, एका वेळी एकाच स्पीकरवर लावायचा आणि मीटर ‘सी वेटिंग’ व ‘स्लो’ या सेटिंगवर ठेवायचा. एवढ्या छोट्या खोलीत काटा ७४ ते ७६ डेसिबलच्या मध्ये आला की बटणाशी खूण करायची. मिक्सचे निर्णय त्या खुणेवर.

[दृश्य: काळी चौकोनी पेटी, पांढरा कोन.]

हा पांढरा कोन जगभरच्या स्टुडिओंमध्ये दिसतो. यामाहाने एनएस-१० हा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी काढला. घरांत तो फारसा रमला नाही, स्टुडिओत मात्र ठाण मांडून बसला, आणि २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. खर्ज त्यात कमीच. पण पेटी पूर्ण बंद असल्यामुळे जेवढा खर्ज येतो तो चटकन थांबतो, शेपूट सोडत नाही. आज त्याच्यासाठी जुन्या बाजारात भरमसाट पैसे मोजायची गरज नाही. त्याच धाटणीचा एक लहान, बंद पेटीचा स्पीकर मोनोत, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, लावून ठेवला तरी पुरतं.

त्याची गरज आहे, कारण अभंग ऐकला जाणार आहे फोनवर, रिक्षात, देवळाच्या भोंग्यावर. ३०० हर्ट्झच्या खाली भोंग्यातून फारसं काही बाहेर येत नाही. डग्ग्याचा मूळ स्वर तिथे नसतोच. कान तो वरच्या स्वनांवरून मनात भरून काढतो. हे वरचे स्वन मिक्समध्ये दबले असतील, तर भोंग्यावर डग्गा राहत नाही, नुसती टिकटिक राहते. ते किती उचलायचे हे लहान स्पीकरवर ऐकून ठरवायचं, आणि उचलल्यावर मोठ्या जोडीवर घुमारा जागचा हलला नाही ना, हे लगेच पाहायचं. एका अभंगासाठी ही ये-जा दहा-बारा वेळा होते, कधी त्याहून जास्त.