नावं उरली, मासे गेले

(दृश्य: भिगवण, पहाट. उजनीच्या फुगवट्यावर धुकं. लांबून येणारी एक होडी.)

भिगवणजवळ भीमा नदी वाटतच नाही. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि तिचा समुद्र झाला. हिवाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं इथे रोहित पक्षी बघायला येतात, कॅमेरे घेऊन. आमचा कॅमेरा आज वर नाही, खाली बघणार आहे. होडीत.

(दृश्य: जाळं ओढणारे हात. शब्द नाहीत. फक्त पाण्याचा आवाज.)

चिलापी. चिलापी. हीसुद्धा चिलापी. मधेच एखादा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. पुन्हा चिलापी.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. 1952 साली ती भारतात आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लंही तोंडातच वाढवते. तिला वाहतं पाणी लागत नाही, पुराची वाट बघावी लागत नाही. साचलेल्या उथळ पाण्यात ती वर्षातून अनेकदा विते. धरण बांधून आपण तिच्यासाठी घरच बांधून ठेवलं.

(दृश्य: जुनी चित्रं. एकेक मासा. कॅमेरा सावकाश डोक्याकडून शेपटीकडे.)

आता याच खोऱ्यात दोनशे वर्षं मागे जाऊ.

1824 साली मुंबई सरकारने विल्यम साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. त्याने गावं मोजली, पिकं मोजली, पाऊस मोजला. आणि मुळा, मुठा, घोड, भीमा या नद्यांच्या काठी बसून त्याने मासे बघितले. शास्त्राला तोवर ठाऊक नसलेले कितीतरी मासे.

नव्या माशाला नाव द्यायचं तर लॅटिनमध्ये, असा रिवाज. साइक्सने बऱ्याच माशांच्या बाबतीत वेगळंच केलं. काठावरची माणसं त्या माशाला जे म्हणत, तेच नाव त्याने लॅटिन नावाच्या शेपटीला जोडलं. 1839 साली ही नावं लंडनमध्ये छापून आली. शेपटीचे ते शब्द आजही तसेच आहेत. टॉर खुद्री. स्पेराटा सिंघाला. हिप्सेलोबार्बस कोलस. लॅबिओ बोगट. फुलुंगी, कुतुर्नी, गोग्रा, पोटेल.

जरा मोठ्याने म्हणून बघा. सिंघाला म्हणजे आपला शिंगाळा. इंग्रजी कानांनी ऐकलेलं, इंग्रजी लेखणीने लिहिलेलं हे मराठी आहे. नाव सांगणाऱ्या माणसांची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. जगात कुठेही, कुठल्याही प्रयोगशाळेत या माशांवर बोलायचं झालं तर मुळा-मुठेच्या काठचा शब्द उच्चारावा लागतो. आम्हाला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा आम्ही बराच वेळ त्या चित्रांपुढून हललो नाही.

खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता.

(दृश्य: पुणे, संगम पूल. काळं पाणी, वर फेस. कॅमेरा स्थिर.)

हीच ती मुळा-मुठा.

(दृश्य: सह्याद्रीतला ओढा, जूनचा पहिला पाऊस. खडकावरून उसळी मारणारे मासे.)

हे चढणीचे मासे. पहिला पाऊस पडला, पाणी गढूळलं, की ते उलटे निघतात. प्रवाहाच्या विरुद्ध, वर, जिथे पाणी स्वच्छ आणि तळाला गोटे आहेत तिथे. अंडी तिथेच टाकायची. कोकणात याला वलगण म्हणतात. महाशीरसुद्धा असाच चढणारा मासा. वाहतं पाणी, भरपूर प्राणवायू, गोट्यांचा तळ, आणि जून-जुलैत मोकळी वाट, एवढं त्याला पुरतं.

खडकवासल्याचं धरण 1879 मध्ये तयार झालं. मग मुळेवर मुळशी, पुढे पानशेत, पवना, वरसगाव, टेमघर. मुळशीचं पाणी तर पूर्वेला जातच नाही. ते घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि कुंडलिकेला मिळतं. भीमेचं पाणी कोकणात! याच धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांच्या साथीने मावळे सत्याग्रहाला बसले होते. माशांच्या वतीने बसणारं कोणी नव्हतं. या भिंतींवरून माशाला चढायला शिडी नाही. आणि ज्या आठवड्यांत त्याला पाणी हवं असतं, नेमकं तेव्हा धरण भरून घ्यायचं असतं. दरवाजे बंद.

खाली शहराने उरलेलं काम केलं. सांडपाण्यात प्राणवायू टिकत नाही, आणि बांधकामांना वाळू लागली तेव्हा नदीचा तळ उपसला गेला. अशा पाण्यात कोण जगतो? जो वर येऊन हवा पिऊ शकतो तो. आफ्रिकेतला मांगूर तसा आहे, शिवाय तो समोर येईल ते खातो. त्याच्या पैदाशीवर देशात 2000 सालापासून बंदी आहे. डासांसाठी सोडलेले गप्पी आहेत. काचेच्या टाकीत मावेनासा झाला म्हणून कोणीतरी नदीत सोडलेला सकर मासा आहे. तो आता उजनीच्या जाळ्यातही येतो.

फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने 1942 मध्ये पुण्याच्या माशांची यादी केली होती. या मंडळींपैकी चिलापी त्या यादीत असणं शक्यच नव्हतं.

(दृश्य: भिगवणचा बाजार. लिलाव. बर्फ, क्रेट, टेम्पो.)

चिलापीवर इथली शेकडो घरं चालतात, आणि भाव पडला की चालत नाहीत.

(दृश्य: महाड तालुका. काळ नदी, वाळणकोंड. स्वच्छ पाण्यात काळ्या पाठी.)

घाट उतरून आम्ही सावित्रीच्या खोऱ्यात आलो. हा वाळणकोंड. इथले मासे वरदायिनी देवीचे. त्यांना कोणी धरत नाही. लोक येतात, कुरमुरे टाकतात आणि बघत उभे राहतात. तुम्हीही बघा.

(दृश्य: महाशीरांचा थवा. वीस सेकंद. निवेदन नाही.)

असे डोह राखणारी गावं आहेत म्हणून हा मासा अजून दाखवता येतो. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी 1970च्या दशकापासून त्याची पैदासही होते आणि बीज देशभर गेलं. ते कावेरीतही गेलं. तिथे कुबडाचा महाशीर होता, फक्त त्याच खोऱ्यातला. आपला खुद्री तिथे फोफावला आणि कुबडाचा मागे हटत गेला. 2018 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. म्हणजे मासा चांगला असून भागत नाही. तो त्याच्या नदीत हवा.

खुद्रीची नदी मुळा-मुठा आहे. जूनमध्ये, पहिल्या पावसाचं थोडं पाणी धरणांनी खाली जाऊ द्यावं. आमचं मागणं एवढंच आहे आणि ते आम्ही प्रत्येक वेळी मांडणार.

(दृश्य: पुन्हा भिगवण. जाळं रिकामं होतंय. एक म्हातारे भोई तळातून लांब मिशांचा एक मासा वेगळा काढतात. कॅमेरा हातावर.)

इतक्या चिलापींत हा एक. आम्ही त्यांना विचारलं, काका, हा कोण?

(भोईकाकांचा आवाज:) शिंगाळा.