भुईआवळा आणि कावीळ

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की बांधावर, अंगणात, फरशीच्या फटीतसुद्धा भुईआवळा उगवतो. डहाळी उलटी करून बघा, पानांखाली मोहरीएवढ्या हिरव्या फळांची रांग दिसेल. याच दिवसांत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ येते आणि कितीतरी घरांत ही वनस्पती वाटून ताकातून दिली जाते.

शास्त्रज्ञांनी भुईआवळ्याकडे दुर्लक्ष केलं, हे मात्र खरं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणारे, १९७६ चे नोबेल मानकरी बरुच ब्लूमबर्ग यांनी मद्रासच्या संशोधकांसोबत त्यावर काम केलं. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. हा विषाणू अंगात असलेल्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळा दिला, तर २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली. औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्या २३ जणांत फक्त एकाची! केवढी आशा वाटली असेल तेव्हा. पण पुढे थायलंडमध्ये आणि इतरत्र चाचण्या झाल्या, त्यांत तसा गुण आला नाही.

मग गावात गुण येतो तो कसा? साथीची कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई असते, आणि ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे दिलं, त्याला श्रेय मिळतं. पण कावीळ पित्ताच्या खड्याने होते, दारूने होते, हिपॅटायटिस बीनेही होते. डोळे सगळ्यांचे सारखेच पिवळे दिसतात. फरक कळतो तो रक्त तपासल्यावर आणि सोनोग्राफी केल्यावर. गर्भवतीला कावीळ झाली तर मी एक दिवसही थांबू देणार नाही. हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो.

आणखी एक. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गफलत झाली असावी, असं म्हटलं. पण नंतर देशातल्या इतर रुग्णालयांतूनही असे रुग्ण नोंदले गेले.

म्हणून काढा, चूर्ण, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. जाताना बाटली किंवा पुडी पिशवीत टाका.