या वयात झेपल का जी?

नागपूर, जूनची सकाळ, साडेआठ वाजलेत. डे-केअर वॉर्डातल्या खुर्च्या भरत आल्यात. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाट... पहाटेच्या गाडीनं आलेली माणसं. कापडी पिशवीत फाईल, जुने रिपोर्ट आणि डबा.

खिडकीपाशी बसलेले हे काका तुमसरकडचे. धानाची शेती, वय 68. मागच्या दिवाळीत दाढी करताना मानेला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग रात्री घाम सुटायला लागला, बनियन पिळून काढावी इतका. वजन उतरलं. टीबी समजून तीन महिने गोळ्या चालल्या.

आपल्याकडे मानेत गाठ आली की आधी टीबीच आठवतो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय ते ठरवता येत नाही. नुसत्या सुईच्या तपासणीवर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, बऱ्याचदा नीट ओळखू येत नाही. जमेल तिथं अख्खी गाठ काढून पॅथॉलॉजिस्टकडे गेली पाहिजे. पुन्हा सांगतो, कारण यात लोकांचे महिनेच्या महिने वाया जातात: आधी बायोप्सी, मग औषध.

काकांच्या रिपोर्टवर नाव आलं डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. बी पेशींचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, भरभर वाढणारा कॅन्सर. बरा होऊ शकणारा, हेही डॉक्टरांनी त्याच बैठकीत सांगितलं. त्यावर मुलानं विचारलं, "बाबाले या वयात झेपल का जी, साहेब?"

हाच प्रश्न फ्रान्समधल्या ल्यों शहरातले डॉक्टर बर्ट्रांड क्वाफिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला होता.

तोवर या आजारावर 'चॉप' नावाची केमो चालायची, 1970च्या दशकापासून. तिच्यापेक्षा जहाल अशा तीन नव्या केमो अमेरिकेत तिच्याशी ताडून पाहिल्या गेल्या. 1993 साली निकाल छापून आला: एकही तिच्या पुढे गेली नाही, त्रास मात्र वाढला.

या चॉपमधली दोन औषधं जवळून पाहू. सिस्टरच्या हातातली ही लाल सिरिंज डॉक्सोरुबिसिनची. मूळ इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूचं. लघवी लाल होते, तेव्हा घाबरू नका, असं सिस्टर आधीच सांगून ठेवतात. आणि या छोट्या बाटलीत विन्क्रिस्टीन. ते येतं सदाफुलीतून. हो, तीच सदाफुली, मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हाही नागपूरच्या अंगणात फुललेली असते ती. पण पानं चावून काही साधत नाही, ती विषारी आहेत. शुद्ध केलेलं औषध एका वेळी फार तर 2 मिलिग्रॅम देतात, तेही थेट शिरेतून.

क्वाफिए यांच्या गटानं या चॉपला रिटुक्सिमॅब नावाच्या औषधाची जोड दिली. बी पेशींच्या अंगावर सीडी20 नावाची एक खूण असते. रिटुक्सिमॅब तिलाच जाऊन चिकटतं आणि मग शरीराची स्वतःची यंत्रणा त्या पेशीवर तुटून पडते.

अशा चाचण्यांमधून म्हाताऱ्या माणसांना बहुधा वगळतात. इथं उलट झालं. 399 रुग्ण, आणि सगळेच्या सगळे 60 ते 80 वर्षांचे. काहींना नुसती चॉप, काहींना चॉपसोबत रिटुक्सिमॅब, दर 3 आठवड्यांनी, 8 वेळा. जानेवारी 2002 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. दोन वर्षांनंतर नुसत्या चॉपवरचे 57 टक्के हयात होते, जोड मिळालेले 70 टक्के. त्रासात मात्र म्हणावी तशी भर पडली नव्हती. पुढं याच रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब छापून आला: 27.6 टक्के आणि 43.5 टक्के. या दोन आकड्यांमधल्या फरकात किती घरांतले आजी-आजोबा आहेत, याचा विचार करून पाहा.

औषध महाग होतं, फार महाग. 2007 मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं त्याचं स्वस्त भावंड, म्हणजे बायोसिमिलर, बाजारात आणलं. हैदराबाद इथून एका रात्रीच्या गाडीवर.

काकांची आज तिसरी सायकल. पहिल्या वेळी रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासून घेतला होता, कारण शरीरात दबून बसलेला तो विषाणू या औषधानं उसळू शकतो. त्या दिवशी सलाईन थेंब-थेंब, तासन्‌तास चाललं. तरीही थंडी वाजून अंग उडायला लागलं, तेव्हा सिस्टरनी थेंब थांबवले, वर दोन चादरी घातल्या, आणि अर्ध्या तासानं पुन्हा हळूच सुरू केलं. आज तसं काही नाही. गाठ बोटाला लागत नाही. काका मुलाला बांध्यांमधल्या पाण्याचं विचारताहेत.

दुपारी सुई निघते. काका फाईल पुढं करतात.

"सिस्टर, रोवणीच्या टायमाले तारीख नका देऊ जी."

सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं 21 दिवस मोजतात.

"तारीख नाही हलत, काका. रोवणी पोरगा पाहील."

मुलगा मान हलवतो आणि पिशवी उचलतो. तुमसरची बस चारला आहे.