एकाच सोंडेवरून

[दृश्य: पांढरे ढग. बाकी काहीच नाही.]

थांबा जरा. आत्ता उघडेल.

[पंधरा सेकंद फक्त वारा. ढग फाटतो, कडा दिसतो.]

हा मराठवाडा आहे. कन्नडच्या वर, औट्रम घाटाच्या बाजूची ही डोंगराची सोंड. आपण उभे आहोत ती जमीन मराठवाड्याची, आणि खाली ढगात बुडालंय ते चाळीसगावकडचं खानदेश. उत्तरेला मराठवाडा इथं संपतो, तोही असा एकदम तुटून.

[दृश्य: गुरुजी पायवाटेनं चढताना.]

हे निवृत्त शिक्षक. गावात सगळे गुरुजीच म्हणतात. वर्षानुवर्षं ते याच सोंडेवरून याच कड्याचा फोटो काढतात. खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी, तिच्यावर युरियाच्या गोणीची खोळ. वर पोचल्यावर पहिलं काम दगड बघायचं. ट्रायपॉडच्या तीन पायांसाठी त्यांनी तीन सपाट दगड बसवलेत, आणि चरायला आलेली गुरं ते लोटतात. दगड जागेवर आले की मोबाइलवर जुना फोटो उघडायचा. डाव्या कडेला कड्याचं नाक, उजव्या कडेला सालईचं वाकडं झाड, दोन्ही जुळेपर्यंत हलवत राहायचं. लेन्स एकच, ३५ मिलीमीटरची. उंची बदलू नये म्हणून ट्रायपॉडच्या पायांना चिकटपट्टीच्या खुणा. फोटोला एक सेकंद लागतो, या जुळवाजुळवीला अर्धा तास.

[दृश्य: वैशाखातला कडा, कोवळं ऊन.]

कडा उत्तरेला तोंड करून उभा आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा हा दिवसभर स्वतःच्याच सावलीत. सकाळचं ऊन त्याच्या तोंडाला लागतं ते मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत, आणि त्यातले पावसाचे महिने ढगांनी नेलेले. उरतात चैत्र-वैशाखातल्या सकाळी. त्यातही हवा तापली की झळांमध्ये कडा थरथरायला लागतो, बारीक रेघ टिकत नाही. म्हणून गुरुजी अंधारातच घर सोडतात.

आता हे थर बघा. साग झडलाय, सालई झडलीय, म्हणून दिसतायत. पायऱ्या रचल्यासारखा हा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेला लाव्हा. पावसाळ्यात हिरवाई चढली की यातलं निम्मं झाकून जातं. गुरुजी म्हणतात, "श्रावणात कुणीबी फोटो काढतं. मे महिन्यात या."

[दृश्य: पळस, जवळून.]

फाल्गुन. पळसाचा केशरी कॅमेऱ्याला झेपत नाही, रंग सांडतो आणि पाकळीची कडाच उरत नाही. तेव्हा उजेड एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा.

[दृश्य: संगणकाचा पडदा.]

या हार्डडिस्कवर जून-जुलै सापडत नाहीत. फोल्डरांची नावं रोहिणी, मृग, आर्द्रा. पुनर्वसूपुढे लिहिलंय 'तरणा', पुष्यापुढे 'म्हातारा'; शेतकरी या पावसांना याच नावांनी ओळखतात. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. कारण एखाद्या वर्षी मृगाचा फोटो रोहिणीइतकाच तांबूस असतो आणि हिरवा रंग थेट तरण्यात येतो. पाऊस कधी आला हे तारखेत वाचणं वेगळं, कड्यावर बघणं वेगळं.

[दृश्य: रोहिणी ते हस्त, दहा चौकटी एकातून एक. निवेदन नाही.]

हे सारं गौताळा औट्रमघाट अभयारण्याचं रान. अभयारण्य १९८६ सालचं, सुमारे २६० चौरस किलोमीटर. इथं बिबट्या आहे, अस्वल आहे. २०२१ साली विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघही इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात दिसला. मराठवाडा म्हटलं की भेगाळलेल्या जमिनीचा फोटो लागतो. तो खराच आहे. त्याच्या शेजारी हाही लावा, एवढं आमचं मागणं आहे.

[दृश्य: जळालेला उतार.]

हा काळा पट्टा वणव्याचा. गवत गेलं, सागाची रोपं गेली.

[दृश्य: पहाटेचं धुकं, पिवळं गवत.]

मार्गशीर्ष. आज कड्यावर ऊन येणार नाही, गुरुजींना ते माहीत आहे. एक दगड सरकलाय. आधी तो जागेवर.

[शटरचा आवाज.]