पदरचे शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

धान कापून झाले आहे, पुंजणे रचून झाले आहेत आणि मळणी मात्र अजून लागायची आहे, अशा मधल्या दिवसांत आमच्या ब्रह्मपुरीकडच्या गावांत रात्री जागण्याची दोन कारणे असतात. पहिले कारण म्हणजे मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्ताने जवळच्या एखाद्या गावी लागलेले नाटक, आणि दुसरे म्हणजे शेतावरची जागल. या हंगामात आमच्या पुंजण्यांपाशी जागल करायला माझा पुतण्या आणि शेजारचा मुलगा असे दोघे होते. पुतण्या नागपूरला शिकतो आणि शेजारचा मुलगा घरची शेती पाहतो. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन, जिथे नेटवर्क बऱ्यापैकी येते तिथे उभे राहून, ते दोघे एका मालिकेचे दोन भाग मोबाइलमध्ये उतरवून आणत आणि रात्री पाण्याच्या गडव्याला मोबाइल टेकवून ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका हिंदी आवाजात पाहत. मालिका पाहायला जेवढा वेळ लागे, त्याहून अधिक वेळ तिच्यावरच्या भांडणाला लागे. त्या भांडणाविषयीच आज मला तुमच्याशी बोलायचे आहे.

ज्या श्रोत्यांना हा विषय अनोळखी असेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात भाषा आणि प्राचीन वाङ्मय शिकवणारे प्राध्यापक टॉल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही विस्तृत कादंबरी 1954 आणि 1955 या वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. सॉरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशाने घडवलेली एक अंगठी नष्ट करण्यासाठी निघालेल्या साध्यासुध्या, बुटक्या माणसांची, म्हणजे हॉबिटांची, ती कथा आहे. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी तिच्यावर 2001, 2002 आणि 2003 या वर्षांत लागोपाठ तीन चित्रपट आणले आणि त्यांतील तिसऱ्याला ऑस्करची अकरा नामांकने मिळून अकराही पारितोषिके मिळाली. पुढे 2017 मध्ये ॲमेझॉनने मालिकेचे हक्क घेतले आणि 2022 च्या सप्टेंबरात तिचा पहिला, तर 2024 च्या ऑगस्टात दुसरा हंगाम सुरू झाला. दोन्ही हंगामांत आठ-आठ भाग आहेत. मालिकेतील घटना चित्रपटांतील कथेच्या हजारो वर्षे आधीच्या आहेत, म्हणजे त्या अंगठ्या मुळात कशा घडल्या, हे ती सांगते.

शेजारच्या मुलाचे म्हणणे असे होते, की मालिकावाल्यांनी मूळ कथेची नासाडी केली आहे. त्याने तिन्ही चित्रपट टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलेले आहेत, की हेल्म्स डीपच्या किल्ल्यावरची लढाई तो काड्या आणि खडे मांडून समजावून सांगू शकतो. एका रात्री त्याने ठासून सांगितले, की त्या लढाईत मदतीला एल्फ या अमर जातीच्या लोकांचे सैन्य शिस्तीत चालत येते तसा प्रसंग मूळ कथेतच असल्यामुळे अंगावर काटा येतो, मालिकेत तसे काही नाही. तेव्हा पुतण्याने, ज्याने कादंबरी वाचली आहे, शांतपणे त्याला सांगितले, की कादंबरीत त्या किल्ल्यावर एल्फांचे सैन्य येतच नाही, ते जॅक्सन यांनी आणले आहे. त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्याला तो मूळ म्हणत होता तो चित्रपटच होता, आणि माझ्या मते ही मालिका नापसंत करणाऱ्या कितीतरी प्रेक्षकांची हीच गोष्ट आहे. वयाच्या बाराव्या-पंधराव्या वर्षी जे पाहिले ते त्यांच्यासाठी मूळ ठरले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्या पिढीला तरी रामकथा आधी दंडार या लोकनाट्यातून आणि कीर्तनातून भेटली, पोथी नंतर हाती आली.

मी या भांडणात का पडलो, तेही सांगायला हवे. शाळेतील नोकरी सांभाळून मी पंधरा-सोळा वर्षे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांना प्रॉम्प्टर म्हणून बसलेलो आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला, की वडसा येथील मंडळ्यांची नाटके गावोगावी रात्री दहाच्या पुढे सुरू होतात आणि तांबडे फुटेपर्यंत चालतात. अशा किती रात्री मी मांडीवर संहिता आणि तिच्यावर टॉर्च धरून काढल्या असतील, याची मोजदाद नाही. त्या जागेवर बसून एक गोष्ट मला पक्की कळली. नटाने संहितेतील चार वाक्ये गाळली, तर ते फक्त मला कळते. मंडपातील दोन हजार माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण नटाने पदरचे एक वाक्य जरी घातले, तरी ते त्या दोन हजार माणसांना त्याच क्षणी कळते. ते वाक्य त्या पात्राच्या तोंडी शोभले तर टाळ्या पडतात, वन्स मोअर होतो. शोभले नाही तर पहिल्या रांगेतील एखादा म्हातारा असा काही खाकरतो, की नटाला पुढचे शब्द सुचत नाहीत.

हाच अनुभव घेऊन चित्रपट आणि मालिका शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. जॅक्सन यांच्या हाती हजारभर पानांची पूर्ण कादंबरी होती आणि तीन चित्रपट मिळून नऊ तासांहून थोडा अधिक वेळ होता. त्यांचे मुख्य काम कात्री चालवण्याचे होते. त्यांनी टॉम बॉम्बाडिल हे पात्र समूळ वगळले. कथेच्या अखेरीस नायक गावी परततात तेव्हा तिथे गुंडांचे राज्य झालेले असते आणि ते मोडून काढावे लागते, हा टॉल्किन यांनी मुद्दाम रचलेला भाग त्यांनी पूर्ण कापला. अंगठी वाहून नेणारा नायक फ्रोडो जखमी होतो तेव्हा त्याला नदीपार नेण्याच्या प्रसंगात ग्लॉरफिंडेल नावाच्या एल्फाचे काम त्यांनी आर्वेन या राजकन्येकडे दिले. ज्यांनी कादंबरी वाचली होती त्यांनी त्या वेळी तक्रारी केल्याच, पण बाकीच्या जगाला गाळलेले काही दिसले नाही, कारण गाळलेले दिसत नसतेच.

मात्र 2012 ते 2014 या काळात त्याच जॅक्सन यांनी टॉल्किन यांच्या 1937 मधील ‘द हॉबिट’ या लहानशा पुस्तकावर तीन चित्रपट काढले तेव्हा त्यांना कात्री ठेवून देऊन सुईदोरा घ्यावा लागला. टॉरिएल नावाची एल्फ योद्धी त्यांनी पदरची आणली, तिची प्रेमकथाही पदरची आणली. दिग्दर्शक, देश आणि संगीतकार सगळे तेच असूनही ज्या प्रेक्षकांनी आधीचे चित्रपट डोक्यावर घेतले होते, त्यांतल्या पुष्कळांनी या खेपेला नाक मुरडले. मालिकेवर टीका करताना लोक जॅक्सन यांचे पहिले तीन चित्रपट आठवतात आणि हे दुसरे तीन सोयीने विसरतात. माझ्या मते तुलना करायचीच असेल तर ती या दुसऱ्या तिघांशी करणे अधिक न्यायाचे आहे.

कारण मालिकावाल्यांची अडचण त्याहून मोठी आहे. त्यांच्याकडे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि ‘द हॉबिट’ यांचे हक्क आहेत. टॉल्किन यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द सिल्मरिलियन’चे हक्क नाहीत, आणि जुन्या काळाची सविस्तर हकिकत नेमकी त्यात आहे. त्यामुळे मालिकेचा मुख्य आधार म्हणजे कादंबरीच्या शेवटी जोडलेली परिशिष्टे. त्यांत त्या काळाची सनावळी आहे: अमुक साली अंगठ्या घडवायला सुरुवात झाली, अमुक साली अमुक बेट बुडाले. जुन्या मालगुजाराच्या वहीत जशा एकेका ओळीच्या नोंदी असतात, तशा त्या आहेत. अशा नोंदींवरून सोळा तासांचे नाटक उभे करायचे, तर पदरचे शब्द घालावे लागतील की नाही, हे तुम्हीच सांगा.

परंतु केवळ अडचण मोठी आहे म्हणून सगळे माफ करावे, असेही मला वाटत नाही. माझी सर्वांत मोठी तक्रार काळाविषयी आहे. टॉल्किन यांच्या सनावळीप्रमाणे मालिका ज्या काळात घडते ते दुसरे युग 3441 वर्षांचे आहे. अंगठ्या घडल्या त्यानंतर न्यूमेनॉर हे माणसांचे बेट बुडेपर्यंत सतराशे वर्षांहून अधिक काळ जातो. मालिकेने हे सगळे एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत आणून ठेवले आहे. याचे कारण समजण्यासारखे आहे, कारण एल्फ अमर असतात आणि माणसे मरतात, त्यामुळे खरी वर्षे पाळली तर प्रत्येक हंगामात माणसांची सगळी पात्रे नवी आणावी लागतील आणि प्रेक्षकाचा जीव कोणातच गुंतणार नाही. पण त्यामुळे मूळ कथेची मोठी वेदना निघून गेली. एका बाजूला न संपणारे आयुष्य आणि दुसऱ्या बाजूला पिढ्यामागून पिढ्या मातीत जाणारी माणसे, या दोहोंमधला मत्सरच तर त्या बेटाच्या नाशाचे कारण आहे.

हे मला पुस्तकी भाषेत सांगावे लागत आहे. आमच्या वाडीतील एक आजोबा, ज्यांनी ना कादंबरी वाचली ना चित्रपट पाहिले, त्यांनी ते एका वाक्यात विचारले. शेकोटीपाशी बसून दोन रात्री मालिका पाहिल्यावर ते गॅलाड्रिएल या एल्फ नायिकेकडे बोट दाखवून म्हणाले, “हे बाई काहून बुढी होत नाई?” पुतण्याने सांगितले, की ती कधीच म्हातारी होत नाही, ती हजारो वर्षांची आहे. आजोबा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मंग तिच्या तोंडावर तसं दिसाले पाह्यजे ना.”

गॅलाड्रिएलवरून झालेल्या वादाचे सार मला त्या बोलण्यात सापडले. चित्रपटांत केट ब्लँचेट यांनी उभी केलेली गॅलाड्रिएल थोडा वेळच पडद्यावर असते, पण ती इतके काही पाहून बसलेली आहे, की आता तिला घाई कशाचीच नाही, हे तिच्या बोलण्यातून जाणवते. मालिकेत मॉर्फिड क्लार्क यांची गॅलाड्रिएल तलवार घेऊन सूडामागे धावते, वरिष्ठांशी हुज्जत घालते आणि भर समुद्रात जहाजातून उडी टाकते. पुष्कळांना हे बाईच्या हाती तलवार दिली म्हणून खटकले. मला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण तरुणपणी ती बलदंड आणि हट्टी होती असे टॉल्किन यांनीही अन्यत्र लिहून ठेवले आहे. खटकते ते एवढेच, की मालिका घडते तेव्हाही ती तरुण नाही. विसाव्या वर्षाचा उतावळेपणा हजारो वर्षांच्या बाईच्या अंगी दिला, तर पहिल्या रांगेतील म्हातारा खाकरणारच.

अर्थात हीच कसोटी चित्रपटांनाही लावली पाहिजे, आणि ती लावल्यावर जॅक्सनही सगळीकडे सुटत नाहीत. कादंबरीतील फॅरामिर हा असा माणूस आहे, की ती अंगठी रस्त्यावर पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, असे तो सांगतो आणि त्याप्रमाणे वागतो. चित्रपटात तोच फॅरामिर फ्रोडोला कैद करून अंगठीसह ओढत नेतो आणि फार पुढे गेल्यावर त्याचे मन पालटते. पुतण्या इतर सगळे बदल पचवतो, पण या एका बदलाचे नाव काढले की त्याचा आवाज चढतो. माझेही मत त्याच्याच बाजूने आहे.

ड्वार्फ या दुसऱ्या एका बुटक्या जातीच्या स्त्रियांना मालिकेत दाढी का नाही, यावरून जो गदारोळ झाला त्यावर मी वेळ घालवणार नाही. कृष्णवर्णीय नटांना एल्फ किंवा ड्वार्फ म्हणून घेतले यावरून जे बोलले गेले, त्यातील बरेचसे कथेविषयी नव्हतेच. हॉबिटांपैकी हारफूट जातीचे लोक अधिक सावळे होते, असे तर टॉल्किन यांनीच कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. रेडिओवर बोलतो आहे म्हणून एवढेच म्हणेन, की असली भांडणे आपल्या माध्यमात होऊच शकत नाहीत. बीबीसीने 1981 मध्ये ही कादंबरी सव्वीस भागांत नभोनाट्य म्हणून सादर केली. तीत फ्रोडोला आवाज देणारे इयन होम हेच पुढे जॅक्सन यांच्या चित्रपटात फ्रोडोचे वृद्ध काका बिल्बो झाले. श्रोत्यांनी त्या वेळी ज्याला जशी हवी तशी दाढी मनातल्या मनात लावून घेतली असणार.

आता मालिकेच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. अंगठ्या घडवणारा केलेब्रिंबोर नावाचा एल्फ कारागीर आहे. टॉल्किन यांच्या कथेत आधी इतर अंगठ्या घडतात आणि एल्फांच्या तीन अंगठ्या तो मागाहून एकट्याने घडवतो. मालिकेने हा क्रम उलटा केला, आणि जाणकारांना तो बदल रुचला नाही. तरीही दुसऱ्या हंगामात सॉरॉन वेष पालटून त्याच्या भट्टीपाशी येतो आणि त्याला हळूहळू जाळ्यात ओढतो, तो भाग पाहावा. बाहेर शहरावर हल्ला झालेला आहे आणि आत हा म्हातारा कारागीर, सॉरॉनने उभ्या केलेल्या भासामुळे सगळे आलबेल आहे असे समजून, आपल्या कामात रमलेला आहे. हे परिशिष्टांत कुठेही नाही, हे सगळे पदरचे आहे. पण आपल्या हातच्या कामाचा गर्व असलेला माणूस फसवला जाईल तर असाच फसवला जाईल, हे पाहताक्षणी पटते.

त्या रात्री थंडी बरीच होती. शेजारच्या मुलाने चहाची कपबशी हातात धरली होती आणि चहावर साय धरली होती, तरी त्याचे लक्ष नव्हते. भाग संपल्यावर मी मुद्दाम विचारले, की काय रे, हेही मूळ कथेत नाही, मग आता काय म्हणतोस? त्याने मला उत्तर दिले नाही. मोबाइलची बॅटरी किती उरली आहे ते त्याने पाहिले, आणि पुतण्याला म्हणाला, “तो भट्टीचा सीन मागं घे ना एकडाव.”

नमस्कार.