डाय जरा जपून

(कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफीची खोली. काळापांढरा पडदा.)

धमनी एक्स-रेवर दिसावी म्हणून तिच्यात सोडतात तो द्रव, म्हणजे डाय, अजून सोडलेला नाही. तरीही ठोक्यासरशी हलणाऱ्या या दोन गडद रेषा बघा. हे कॅल्शियम. किडनी थकली की फॉस्फेट शरीराबाहेर पडत नाही, कॅल्शियमसोबत धमनीच्या भिंतीत साठत जातं आणि भिंत कडक होते.

टेबलावर हडपसरचे काका आहेत, वय ६१. शुगर जुनी, क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढणारा आकडा) २.८. डायलिसिस सुरू नाही, पण फार लांबही नाही. परवा रात्री एकाएकी धाप लागली म्हणून मुलगा घेऊन आला. छातीत फारसं दुखलंच नव्हतं. शुगर आणि किडनीच्या पेशंटला हार्ट अटॅक असा चोरपावलांनीही येतो.

(डावा हात, जवळून.)

हातावर स्केचपेनने लिहिलंय, 'सुई नको'. हृदयापर्यंतची नळी डॉक्टर एरवी मनगटातून घालतात, आज जांघेतून. उद्या डायलिसिससाठी फिस्टुला करायची, म्हणजे हातातली शीर धमनीला जोडायची वेळ आली तर हातातल्या शिरा आणि धमन्या शाबूत हव्यात. ही सूचना किडनीच्या डॉक्टरांची. काल संध्याकाळी ते स्वतः येऊन कॅथलॅबवाल्यांशी बोलून गेले. सगळीकडे असं होत नाही. व्हायला हवं.

आता सिस्टरांचा आवाज ऐका. "चौदा... अठरा..." किती मिली डाय गेला ते त्या मोठ्याने सांगतात आणि फळ्यावर लिहितात. काकांची किडनी जेमतेम पाव क्षमतेने चालते, म्हणून ५० मिलीच्या आत आटपायचं ठरलंय. एरवी अँजिओप्लास्टीला याच्या दुप्पट-तिप्पट डाय सहज जातो. मग आतलं दिसणार कसं? त्यासाठी धमनीच्या आतच सोनोग्राफीची बारीक नळी सरकवलीय. पडद्यावरचं हे चकचकीत कडं म्हणजे पुन्हा कॅल्शियम. चहूबाजूंनी.

इथे बलून फुगत नाही. जबरदस्तीने स्टेंट बसवला तर तो अर्धवट उघडतो, आणि अशा स्टेंटमध्ये गुठळी व्हायला किंवा तो पुन्हा अरुंद व्हायला निमित्तच लागत नाही. म्हणून रोटा, कॅल्शियम घासून काढणारं ड्रिल. दीड मिलिमीटरचं टोक, त्यावर हिऱ्याची भुकटी, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे. आवाज थेट दाताच्या डॉक्टरकडचा. एका दमात पंधरा-वीस सेकंद, मग थांबायचं, पुन्हा सुरू. निघणारी पूड रक्तातल्या तांबड्या पेशींहून बारीक. तिसऱ्या खेपेला आवाज बदलतो. डॉक्टर मान डोलावतात. "गेलं पार!"

(स्टेंट उघडतो. फळ्यावर ४३.)

२०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. लाखाच्या वर जाणारा औषध लावलेला स्टेंट ३० हजारांच्या आत आला, फार चांगलं झालं. किडनीच्या डॉक्टरांना एक फोन करायला मात्र तेव्हाही पैसे पडत नव्हते.

आणि स्टेंट प्रत्येकालाच हवा असतो असंही नाही. किडनी बरीच खराब, पण हृदयाचं दुखणं स्थिर, अशा ७७७ रुग्णांचा आयस्केमिया-सीकेडी हा अभ्यास २०२० मध्ये आला. काहींची लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, बाकीच्यांना आधी औषधं. तीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण दोन्हीकडे ३६ टक्क्यांच्या घरात. काकांची गोष्ट वेगळी, त्यांना अटॅकच आला होता.

एवढं सगळं करूनही किडनीच्या रुग्णांत स्टेंट बंद पडणं, रक्तस्राव आणि मृत्यू, तिन्ही इतरांपेक्षा जास्तच.

(वॉर्ड. तिसरा दिवस.)

क्रिएटिनिन ३.०. चालण्यासारखं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या दिल्यात, कुणीही सांगितलं तरी परस्पर बंद करायच्या नाहीत. काकू पिशवीतून आणखी एक पाकीट काढतात. गुडघेदुखीची गोळी, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली, काका रोज घेतात. डॉक्टर पाकीट उलटं करून नाव वाचतात आणि स्वतःच्या खिशात टाकतात.